स्टायनर स्ट्रीटवरचं घर

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. सॅन फ्रान्सिस्कोतल्या व्हिक्टोरियन, म्हणजे एकोणिसाव्या शतकातल्या लाकडी, घरांवरची नक्षी यंत्रावर कापलेली, कॅटलॉग बघून मागवलेली, म्हणून ती खोटी, असं तुमच्या वर्गात ठरलं आणि तुलाही ते पटलं. मला नाही पटत. स्टायनर स्ट्रीटवरच्या शातो तिवोली या तशाच जुन्या घरात एक रात्र राहून ये, मग आपण भांडू.

डॅनियल जॅक्सन या लाकडाच्या व्यापाऱ्याने 1892 साली ते बांधून घेतलं. आराखडा विल्यम आर्मिटेजचा. आपल्या वाड्यांत मोजके जाड खांब आणि तुळया सगळा भार घेतात. तिकडच्या घरांत जाड खांब नाहीतच. जवळजवळ उभ्या केलेल्या बारीक फळ्या आणि कारखान्यातले स्वस्त खिळे, एवढ्यावर दोन-तीन मजले उभे राहतात. लाकूड बहुधा रेडवूड, ज्याला कीड सहसा लागत नाही. ज्या वाफेच्या करवतीने हा सांगाडा शक्य केला, तिनेच कंगोरे, कमानी आणि झालरीही कापल्या. मग सांगाडा खरा आणि नक्षी तेवढी खोटी, हे कसं? उलट त्या करवतीमुळे साध्या पगारदाराच्या दारावरही वेलबुट्टी आली. मला ही फार मोठी गोष्ट वाटते.

पुढे हे घर तिवोली ऑपेरा हाउसच्या मालकीणबाई अर्नेस्टिन क्रेलिंग यांच्याकडे आलं. त्यांच्याच रंगमंचावर 1905 साली इटालियन ऑपेरा गायिका लुइझा तेत्राझिनी अमेरिकेत पहिल्यांदा गायली. (1910 च्या नाताळाच्या आदल्या रात्री तिने मार्केट स्ट्रीटवर उघड्यावर, फुकट गाणं केलं, तेही वाचून काढ.)

18 एप्रिल 1906 चा भूकंप तुला ठाऊक आहेच. खरा विध्वंस नंतरच्या आगीने केला, 28,000 हून जास्त इमारती गेल्या. व्हॅन नेस रस्त्यावरची घरं सुरुंगाने उडवली आणि आग बहुतेक तिथेच अडली. स्टायनर स्ट्रीट त्याच्या पश्चिमेला, म्हणून वाचला. पण आगीतून वाचलेल्या त्याच भागात, वेस्टर्न ॲडिशनमध्ये, पुनर्विकासाच्या नावाखाली नगर प्रशासनाने 1950 नंतर अशी हजारो घरं पाडली. जपानी आणि कृष्णवर्णीय कुटुंबांची वस्तीच उखडली गेली. 1974 साली बारा घरं तेवढी उचलून, गाड्यांवर लादून दुसरीकडे नेली. ते फोटो पाहताना मला अजून संताप येतो.

शातो तिवोली यातूनही टिकलं, आणि 1980 च्या दशकात दुरुस्त होऊन तिथे पाहुण्यांच्या खोल्या झाल्या. रंगांच्या बाबतीत मात्र मी तुझ्या बाजूने आहे. एकाच दर्शनी भागावर इतके भडक रंग आणि सोनेरी वर्ख ही 1960 नंतरची आवड, जॅक्सनच्या काळातली नव्हे. प्रबंधात हा फरक स्पष्ट लिही.

जाशील तेव्हा खिडक्यांच्या नक्षीत अडकून राहू नकोस. घराचा पाहुण्यांसाठी निवास झाला की खोलीगणिक न्हाणीघर लागतं. ते नळ बारीक फळ्यांच्या त्या पोकळ भिंतींतून कसे नेलेत ते बघ. या बांधणीत मजल्यांमध्ये आडवी अडसर नसेल, तर भिंतीतली पोकळी धुराड्यासारखी आग वर ओढते. त्या पोकळ्या बुजवल्यात का आणि कशाने, हे तिथल्या माणसांना विचार आणि मला सविस्तर लिही.

तुझी,
आई