ताई, तू मला ग्राफिक्स कार्ड घेऊ दिलं नाहीस

प्रिय ताई,

फोनवर आभार मानायला गेलो की तू "बरं बरं, पुढचं बोल" म्हणून विषय बदलतेस. म्हणून हे उघड पत्र. चार लोकांनी वाचलं की तुला अवघडल्यासारखं होणार, पण इलाज नाही. माझ्यासारखेच कार्टमध्ये कार्ड टाकून बसलेले आणखीही असतील.

त्या दिवशी मी तुला सल्ला मागायला फोन केलाच नव्हता, हे आता कबूल करतो. शाबासकी हवी होती. गेम अडखळतोय, नवं ग्राफिक्स कार्ड ठरवलंय, फक्त बटण दाबायचं बाकी आहे, असं मी एका दमात सांगितलं. तू विचारलंस, "आत्ताचं कार्ड किती टक्के चालतंय?" मला माहीत नव्हतं. "मग कशावरून ठरवलंस?" मी म्हटलं, सगळे म्हणतात गेमिंगला आधी कार्ड. "सगळ्यांचा कॉम्प्युटर तुझ्या टेबलावर आहे का?"

सगळे म्हणतात ते चूक नाही, हे तूही मान्य केलंस. गेममध्ये जास्तीत जास्त काम कार्डच करतं, आणि ज्याचं कार्ड खरंच जुनं झालंय त्याने आधी तेच बदलावं. पण माझ्याकडे आरटीएक्स ३०६० होतं, दोन वर्षांपूर्वी अशाच उत्साहात घेतलेलं. ते बसवलं होतं रायझन ५ २६०० च्या जोडीला, म्हणजे २०१८ च्या प्रोसेसरला. तेव्हाही एफपीएस, म्हणजे सेकंदाला दिसणारी चित्रं (फ्रेम), वाढले ते थोडेच, आणि मी कार्डाला नावं ठेवून गप्प बसलो होतो. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. दुसरा बंबही तिकडेच धाडायच्या बेतात होतो.

तू आठ दिवसांची मुदत घातलीस. आफ्टरबर्नर हा मोजमापाचा प्रोग्रॅम टाकायला लावलंस, पडद्याच्या कोपऱ्यात आकडे दिसतील असं करायला लावलंस, आणि म्हणालीस, जिथे सगळ्यात जास्त अडखळतं तिथे जाऊन उभा राहा. मी त्या मोठ्या शहराच्या गेममध्ये भर बाजारात जाऊन उभा राहिलो. ५८ एफपीएस. कार्ड ५५ ते ६० टक्के. प्रोसेसर ४५ टक्के. मी लगेच विजयी स्वरात कळवलं, की प्रोसेसर तर निम्म्याहून जास्त रिकामा आहे!

यावर तू जे समजावलंस ते मी आता भेटेल त्याला सांगत सुटलोय. २६०० ला सहा कोअर (काम करणारे मेंदू) आणि बारा थ्रेड (कामाच्या समांतर रांगा). टास्क मॅनेजर दाखवतो तो टक्का या बाराही थ्रेडची सरासरी असते. एक थ्रेड पूर्ण शंभर टक्के दमला तरी एकूण आकड्यात त्याचा वाटा जेमतेम आठ टक्के. गेमचा मुख्य थ्रेड नेमका असाच एकटा राबत असतो. "एकाने पोतं उचललंय, बाकीचे बघत उभेत, आणि तू त्यांची सरासरी काढतोयस." आलेखावर राइट क्लिक करून एकेका थ्रेडचा वेगळा आलेख लावला, तेव्हा ते पोतं उचलणारा गडी दिसला. सतत माथ्याला टेकलेला.

तरी माझी खात्री पटेना. मग तू ती साधी चाचणी सांगितलीस. रिझोल्यूशन १०८०पी वरून ७२०पी वर आण. पिक्सेल २०,७३,६०० वरून ९,२१,६०० वर येतात, म्हणजे कार्डाचं ओझं निम्म्याहून कमी होतं. कार्ड दमलेलं असेल तर एफपीएस उसळी मारतील. मी केलं. चित्र पाण्यात भिजल्यासारखं दिसायला लागलं आणि आकडा ५८ चा ६० झाला. दोन! त्याच क्षणी मला गेल्या वर्षीचं एक कोडं सुटलं. डीएलएसएस 'परफॉर्मन्स'वर टाकूनही बाजारात काहीच फरक पडत नव्हता, आणि मी ते बिघडलंय असं समजत होतो. ते बिचारं काय करणार! आतल्या आत कमी रिझोल्यूशनवर चित्र काढून ते मोठं करून दाखवायचं, ही त्याची युक्ती. त्याने कार्डाचा भार हलका होतो. प्रोसेसरला मात्र माणसं तेवढीच चालवावी लागतात, गाड्या तेवढ्याच हाकाव्या लागतात.

पण मला खरं आश्चर्य वाटलं ते पुढे. तू म्हणालीस, आता शहराबाहेर जा. मी ओसाड डोंगरात गेलो, रिझोल्यूशन पूर्ववत करून. ११० एफपीएस, कार्ड ९८ टक्के. तोच कॉम्प्युटर, तोच गेम, आणि उत्तर उलटं! तोवर मला वाटायचं, कुठला भाग कमकुवत आहे हे यंत्रावर ठरतं. ते जागेजागेवर बदलतं, हे कुणी सांगितलंच नव्हतं. डोंगरात फिरायची आवड असती तर मी कार्डच घ्यायला हवं होतं. मला आवड गर्दीची. मग तू गर्दीचं प्रमाण ठरवणारी सेटिंग एक पायरी खाली आणायला सांगितलीस आणि टेक्स्चर (वस्तूंच्या पृष्ठभागावरची चित्रं) होतं तसं ठेवलंस, कारण टेक्स्चरचा ताण येतो तो कार्डाच्या मेमरीवर, आणि ३०६० ला ती १२ जीबी आहे. फुकटात सात एफपीएस मिळाले. ते मी नंतर परत देऊन टाकले, कारण रिकामा बाजार मला बघवेना. त्यामुळे पुढचे आकडे भरल्या बाजारातलेच आहेत.

रॅमचं प्रकरण लिहायला लाज वाटते, तरी लिहितो. तू सीपीयू-झेड या कॉम्प्युटरची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रॅमचा फोटो मागितलास. त्यात चॅनेलपुढे 'सिंगल' आणि वारंवारता १०६६. मी घाबरलो, की अर्धी रॅम चोरीला गेली की काय. तू हसलीस. डीडीआर म्हणजे प्रत्येक ठोक्याला दोनदा माहिती, तेव्हा १०६६ म्हणजे २१३३. पण स्टिकवर छापलं होतं ३२००! बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये, एक्सएमपी चालू केल्याशिवाय छापील वेग मिळत नाही, हे मला चार वर्षं माहीत नव्हतं. वर १६ जीबीची एकच स्टिक, म्हणजे दोन पदरी रस्त्याची एक मार्गिका बंद.

या जुन्या रायझनला त्याचा फटका जरा जास्तच बसतो, हेही तूच सांगितलंस. २६०० मधले सहा कोअर तीन-तीनच्या दोन गटांत बसतात. गटागटांत बोलणं होतं ते इन्फिनिटी फॅब्रिकवरून, आणि त्या फॅब्रिकची चाल रॅमच्या चालीला बांधलेली. रॅम रेंगाळली की घरातल्या घरात निरोपही उशिरा पोचतात.

तशीच दुसरी स्टिक आणली आणि दोन्ही मार्गिका चालू व्हाव्यात म्हणून दुसऱ्या-चौथ्या खाचेत दोन्ही बसवल्या. पहिल्या-दुसऱ्या बसवणार होतो, तू वेळेवर ओरडलीस. ३२०० वर टाकलं तर पडदा काळा. पंखे फिरतायत, चित्र नाही. पुन्हा काळा. तिसऱ्यांदा बायोस आपणहून मूळ पदावर आला तेव्हा जीव भांड्यात पडला. या प्रोसेसरला अधिकृतपणे २९३३ पर्यंतच झेपतं, म्हणून तू हाताने २९३३ लावायला लावलंस आणि गाडी सुरू झाली. बाजारात ५८ चे ७१ झाले. पण मला जाणवलं ते दुसऱ्याच आकड्यात. तू आधीपासून 'एक टक्का लो', म्हणजे सगळ्यात संथ एक टक्का फ्रेमचा एफपीएस, लिहून ठेवायला सांगत होतीस. तो ३४ वरून ५० वर गेला. ६० एफपीएस म्हणजे एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांत हवी. मध्येच एखादी ५० घेते, हाताला गचका बसतो, आणि सरासरी मात्र साळसूदपणे साठ दाखवत राहते. मला त्रास होत होता तो या गचक्यांचा. आणि मी सरासरी वाढवायला निघालो होतो.

मॉनिटरबद्दल एका वाक्यात उरकतो: १४४ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १४४ चित्रं दाखवू शकणारा पडदा मी विंडोजमध्ये कायम ६० वर चालवत होतो. पुढे जाऊ.

प्रोसेसर बदलायचं ठरलं तेव्हा मला ५८००एक्स३डी ची हाव सुटली होती. ९६ एमबी कॅश (प्रोसेसरची आतली झटपट मेमरी), नुसतं नाव घेतलं तरी तोंडाला पाणी. तू म्हणालीस, तुझ्या ३०६० ला साधा ५६०० पुरतो. ६५ वॉटचा आहे, सोबतच्या कूलरवर निभावेल, आणि सहाही कोअर एकाच गटात ३२ एमबी कॅशभोवती बसलेत. वर मदरबोर्ड तोच, बी४५०. या बोर्डांवर झेन ३, म्हणजे ५६०० च्या पिढीचे प्रोसेसर, चालणार नाहीत असं एएमडीने २०२० मध्ये आधी जाहीर केलं होतं आणि लोक चिडल्यावर निर्णय फिरवला, त्यामुळे माझा बोर्ड वाचला. फक्त बायोस आधी अपडेट करायचा, जुना प्रोसेसर जागेवर असतानाच. हे तू तीनदा बजावलंस म्हणून मी तेवढं तरी नीट केलं.

पुढचं नीट केलं नाही. कूलर काढण्याआधी अर्धा तास गेम चालव, प्रोसेसर-कूलरमधली पेस्ट मऊ होईल, मग कूलर डावी-उजवीकडे पिळून सोडव, असं तू सांगितलं होतंस. मी दहाच मिनिटं चालवला आणि सरळ वर ओढला. 'टक' असा आवाज. सॉकेट रिकामं, प्रोसेसर कूलरला चिकटून हवेत, पोटावरच्या १३३१ सोनेरी पिना माझ्याकडे बघतायत. कोपऱ्यातल्या दोन वाकल्या होत्या. तुला व्हिडिओ कॉल लावला तेव्हा माझा हात इतका थरथरत होता की तू आधी म्हणालीस, "मोबाइल कशाला तरी टेकवून ठेव." मग, "जुनाच आहे ना तो? मग रडतोस काय? बोर्डाला काही झालेलं नाही." कूलर कोमट करून प्रोसेसर सरकवत सोडवायला, शीस घालायच्या बारीक पेन्सिलीच्या रिकाम्या टोकात पीन धरून केसाएवढी सरळ करायला, रांगेतून तिरपं बघून तपासायला, सगळ्याला तासभर गेला. तू तो तास कॉलवर होतीस. कुणाचं बोलणं नसतानाही होतीस. या पत्राचं खरं कारण तो तास आहे.

नवा बसला, रॅम ३२०० वर निमूट चालली. बाजारात ९७ एफपीएस, कार्ड ९६ टक्के. मी आनंदाने कळवलं तर तुझं उत्तर, "बघ, आता कार्ड कमी पडतंय. आता घे हवं तर." मी कार्ट उघडलं. मग आठवलं, एसएमपीएस (कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा) ४५० वॉटचा आहे. मोठं कार्ड घेतलं तर तोही बदलावा लागणार, आणि एसएमपीएसच्या बाबतीत तू काटकसर करू देणार नाहीस. शिवाय ९७ मध्ये मला काय कमी आहे? कार्टमधून कार्ड काढून टाकलं.

एका गोष्टीत मात्र माझं तुझ्याशी पटत नाही. गेम हार्ड डिस्कवरून एनव्हीएमईवर, म्हणजे वेगवान एसएसडीवर, हलवताना तू म्हणालीस, एफपीएस वाढणार नाहीत, हे सगळ्यात शेवटी कर. वाढले नाहीतच. पण गाडी भरधाव नेली की पुढचा रस्ता उमटताना गेम क्षणभर अडकायचा, ते थांबलं. माझ्या यादीत एसएसडी प्रोसेसरच्याही आधी. यावर भांडायला फोन कर.

तुझी पेस्टची नळी माझ्याकडेच राहिली आहे, अर्ध्याहून जास्त शिल्लक आहे. जुना २६०० डबीत स्पंजवर उताणा ठेवलाय, दोन्ही पिना सरळ आहेत. तुझ्या त्या सुट्या बोर्डावर लावून बघ, चालू होतो का. कूलर मात्र या वेळी तूच काढ.

तुझा,
भाऊ