नानकटाई आणि १८० अंश

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

नानकटाईचा फोटो बघितला. पाऊण तास ओव्हनमध्ये राहूनही गोळे पांढरेफटक आणि ट्रेभर तुपाचं तळं! तुझं काही चुकलं नाही रे, चूक माझी. '१८० वर ठेव' एवढंच मी सांगितलं, १८० कुठले ते सांगितलंच नाही. तुझ्या अमेरिकन ओव्हनने ते फॅरनहाइट धरले, म्हणजे आपले जेमतेम ८२. तेवढ्यावर पाणीसुद्धा उकळत नाही, नानकटाई कुठून भाजणार?

खरं तर हा घोळ आपल्याच घरात रोज चालतो. अंगात ताप १०१ आणि बाहेर ऊन ४१, असं एका दमात बोलतो आपण. ताप फॅरनहाइटमध्ये, हवा सेल्सिअसमध्ये, आणि कोणाला काही खटकत नाही. म्हणून तर परवा तू 'मिनिॲपोलिसला आज २० आहे' म्हणालास तेव्हा मी म्हटलं, मग एवढं गुंडाळून का बसलायस? ते उणे ७ निघाले.

तोंडी हिशेब सांगते. आपला आकडा दुप्पट कर, त्यातून त्याचा दहावा भाग काढ आणि ३२ मिळव. १८० चे ३६०, ३६ गेले, राहिले ३२४. त्यात ३२ घातले की ३५६. ओव्हन ३५० वर लाव, चालेल. उलट जायचं तर '३० वजा करून निम्मे' हे बरेच जण सांगतात. हवेपुरतं ठीक आहे, २० चे उणे ५ येतात. ओव्हनला मात्र ते लावू नकोस, ३५० चे १६० येतील आणि खरे असतात १७७.

हे ३२ कुठून आले? पॉटचं आइस्क्रीम आठवतंय ना, हँडल फिरवून तुझे हात दुखायचे ते? बर्फात खडेमीठ घातलं की तो वितळतो, पण आणखी गार होतो. फॅरनहाइटने १७२४ साली असंच मिश्रण, मिठाऐवजी नवसागर घालून, शून्य धरलं. त्यामुळे नुसता वितळता बर्फ पुढे ३२ वर गेला आणि उकळतं पाणी २१२ वर. मधले अंश १८० (नानकटाईचा आणि याचा काही संबंध नाही!), सेल्सिअसमध्ये तेच १००. त्या सेल्सिअसने तर १७४२ मध्ये उकळत्या पाण्याला शून्य आणि बर्फाला १०० दिले होते. लोकांनी नंतर ते उलटं केलं, बरं झालं.

एक जागा मात्र फसवी आहे. छकुलीचा ताप '२ अंशांनी उतरला' म्हणालास. हा फरक आहे, इथे ३२ चा प्रश्नच नाही. नुसते १.८ ने भागायचे, म्हणजे १.१ अंश सेल्सिअस. तुझ्या बाबांनी त्यातून ३२ वजा केले आणि घाबरून मला हाक मारली.

आणि हो, उणे ४० ला दोन्ही मापं एकच आकडा दाखवतात. तिथवर पारा उतरायच्या आधीच गोठतो.

पीठ उरलं असेल तर अर्धा तास फ्रिजमध्ये ठेव आणि ओव्हन आधी चांगला तापू दे. पंधराएक मिनिटांनी एक उलटून बघ, खालून बदामी झाली की ट्रे बाहेर. गरम असताना मऊच लागते, परत आत ढकलू नकोस.

तुझी,
आई