बॉटच्या चाचणी अहवालात न दिसणारा तोटा

प्रति,
मा. संपादक,

स. न. वि. वि.

परकीय चलनाचे सौदे आपोआप करणारे ‘बॉट’ माझे काही जुने विद्यार्थी हल्ली विकत घेऊ लागले आहेत. मी संख्याशास्त्र शिकवतो म्हणून ते त्यांचे चाचणी अहवाल, म्हणजे मागच्या काळातल्या भावांवर बॉट चालवून काढलेला हिशेब, मला दाखवायला आणतात. अहवालातली रेघ सरळ वर चढलेली असते आणि शंभरातले नव्वदहून अधिक सौदे फायद्यात असतात. आकडे खोटे नसतात. तरीही अशा अहवालाच्या भरवशावर पैसे लावू नका, असे मी प्रत्येकाला कळकळीने सांगतो. त्यामागचे गणित आपल्या वाचकांपर्यंतही पोहोचावे म्हणून हे पत्र.

मी पाहिलेल्या बहुतेक बॉटच्या पोटात मार्टिंगेल नावाची पद्धत आहे. सौदा तोट्यात गेला की पुढचा दुप्पट करायचा. एकदा जिंकले की मागचा सगळा तोटा भरून निघतो आणि वर पहिल्या डावाएवढा नफा उरतो. अठराव्या शतकातल्या फ्रान्समधल्या जुगाराची ही रीत. जिंकण्या-हरण्याची शक्यता निम्मी-निम्मी धरू आणि १०० रुपयांपासून सुरुवात करू. सलग दहा डाव हरले की १,०२,३०० रुपये गेलेले असतात आणि अकराव्या डावाला आणखी १,०२,४०० लागतात. तेवढे नसतील तर खेळ तिथेच संपतो. असे होण्याची शक्यता १,०२४ मध्ये एक, म्हणून ती कोणी मनावर घेत नाही. पण उरलेल्या १,०२३ वेळा मिळालेले शंभर-शंभर रुपये मोजून पाहा: बेरीज नेमकी १,०२,३००! म्हणजे मिळवलेली पै न् पै त्या एका फटक्यात जाते. त्यातून स्प्रेड (खरेदी आणि विक्रीच्या भावातला फरक) आणि स्वॅप (सौदा रात्रभर उघडा ठेवण्याचा आकार) वजा होतात ते वेगळेच. आणि तो फटका फार लांबही नसतो. हजार डाव खेळले तर त्यात कुठे तरी सलग दहा हार येण्याची शक्यता सुमारे ३८ टक्के असते.

मग चाचणीत हे का दिसत नाही? विक्रेते दाखवतात ती रेघ बहुधा ‘बॅलन्स’ची असते, आणि बॅलन्समध्ये फक्त बंद झालेले सौदे धरतात. मार्टिंगेल बॉट तोट्यातले सौदे बंदच करत नाही. सगळ्यांची मिळून बेरीज नफ्यात येईपर्यंत ते उघडे ठेवून त्यावर मोठे मोठे लॉट, म्हणजे आणखी मोठ्या रकमेचे सौदे, चढवत राहतो. तो साठलेला तोटा ‘इक्विटी’च्या, म्हणजे उघड्या सौद्यांचा नफा-तोटाही धरून उरणाऱ्या रकमेच्या, रेघेत दिसतो. दोन्ही रेघा एकाच कागदावर मागा. इक्विटी जिथे बॅलन्सपासून तुटून खोल खाली गेली आहे, तिथे मार्जिन (सौदे उघडे ठेवण्यासाठी खात्यात लागणारी तारण रक्कम) संपायला किती थोडे उरले होते तेही विचारा.

दुसरी मेख चाचणीच्या कालखंडात असते. स्वित्झर्लंडच्या मध्यवर्ती बँकेने सप्टेंबर २०११ मध्ये जाहीर केले की एका युरोचा भाव १.२० फ्रँकच्या खाली जाऊ देणार नाही. पुढची तीन वर्षे भाव त्या रेषेजवळ आला की खरेदी वाढवणारा कुठलाही बॉट हुशार ठरला असता. १५ जानेवारी २०१५ ला बँकेने ती हमी अचानक काढून घेतली आणि काही मिनिटांत युरो एका फ्रँकच्याही खाली गेला. स्टॉपलॉस (ठरावीक भावाला सौदा आपोआप बंद करण्याची सूचना) लावलेल्यांनाही ठरवलेला भाव मिळाला नाही. चलनाचे सौदे करून देणाऱ्या दलालांपैकी अल्पारीची ब्रिटनमधली कंपनी दिवाळखोरीत गेली, तर एफएक्ससीएमला तगून राहण्यासाठी ३० कोटी डॉलरचे कर्ज घ्यावे लागले. २०१४ पर्यंतच्या आकड्यांवर घेतलेल्या कुठल्याही चाचणीत हा दिवस नव्हता. म्हणून बॉट ज्या आकड्यांवर जुळवला त्यांवरच तपासलेला अहवाल मी ग्राह्य धरत नाही. जुळवताना बाजूला ठेवलेल्या काळावर, तोही प्रत्यक्षात वाढणाऱ्या स्प्रेडसह, तो चालवून दाखवायला हवा.

कायद्याचीही बाजू आहे. फेमा या परकीय चलनविषयक कायद्यानुसार भारतातल्या रहिवाशाला परकीय चलनाचे ऑनलाइन सौदे रिझर्व्ह बँकेने अधिकृत केलेल्या मंचांवर किंवा मान्यताप्राप्त एक्स्चेंजवरच करता येतात. रहिवाशांना परदेशी पैसे पाठवू देणाऱ्या उदारीकृत प्रेषण योजनेतून (एलआरएस) परदेशी मंचाला मार्जिनचे पैसे पाठवायला परवानगी नाही. अनधिकृत मंचांची सावधानता यादी रिझर्व्ह बँक सप्टेंबर २०२२ पासून प्रसिद्ध करते आहे. यादीत नाव नाही म्हणजे मंच अधिकृत आहे असे समजू नये, हेही बँकेने स्पष्ट केले आहे. असे सौदे शिकवणाऱ्या शिबिरांतून मुलांना यातले काहीच सांगितले जात नाही, याची मला फार चीड येते. वीस-बावीस वर्षांची ही मुले घरातली पुंजी यात घालत आहेत.

आपल्याला विनंती अशी की अशा शिबिरांच्या जाहिराती घेताना त्यांचा मंच अधिकृत आहे का, हे आधी तपासावे. आणि रिझर्व्ह बँकेची ही यादी अर्थविषयक पानावर ठळकपणे छापावी, ती बदलेल तेव्हा पुन्हा छापावी.

आपला,
संख्याशास्त्राचा एक प्राध्यापक, सांगली