रक्त साफ झाल्यावरच्या १४ दिवसांसाठी

गावकरी बंधू-भगिनींनो, औषधनिधीसाठी हे आवाहन आहे.

गेल्या हंगामात ऊसतोडीहून परतलेल्या आपल्या गावच्या एका लेकीचं आतडं फुटलं. ऑपरेशन झालं, ती वाचली असंच आपण धरून चाललो. बाराव्या दिवशी पुन्हा ताप भरला. अँटिबायोटिक चालेना. रक्ताच्या कल्चरमध्ये, म्हणजे रक्तात जंतू वाढतात का हे पाहणाऱ्या तपासणीत, कॅन्डिडा नावाची बुरशी निघाली.

ही बुरशी आपल्या आतड्यात, कातडीवर एरवी गपगुमान असते. मोठं ऑपरेशन, मानेतल्या शिरेत घातलेली नळी, लांबलेलं अँटिबायोटिक किंवा अपुऱ्या दिवसांचं बाळ असलं की ती रक्तात उतरते. २०२१ साली ज्या काळ्या बुरशीने आपल्याला घाबरवलं, ती ही नव्हे.

डॉक्टरांनी नळी काढली, डोळे तपासून घेतले आणि कॅस्पोफंजिन हे बुरशीवरचं इंजेक्शन लावलं. पहिल्या दिवशी ७० मिलिग्रॅम, पुढे रोज ५०. एकेका कुपीला हजारो रुपये. सहाव्या दिवशी ताप उतरला आणि घरचे म्हणाले, आता घरी नेतो. त्यांचं तरी काय चुकलं? मुकादमाची उचल कधीच संपली होती. पण या औषधाचे दिवस तापावरून मोजत नाहीत. कल्चर ज्या दिवशी साफ येतं, तिथून पुढे किमान १४ दिवस ते चालवावं लागतं. मधेच सोडलं तर बुरशी डोळ्यात, हृदयाच्या झडपेवर ठाण मांडू शकते.

गणपतीच्या वर्गणीतली शिल्लक मंडळाने दिली, म्हणून कोर्स पुरा झाला. तिची बुरशी फ्लुकोनाझोल या बुरशीवरच्या गोळीला दाद देणारी होती, शेवटचे दिवस स्वस्त गोळ्यांवर निभावले. सगळ्यांचं तसं होत नाही. कॅन्डिडा ऑरिस ही जात तर त्या गोळीला सहसा जुमानत नाही.

दरवेळी शिल्लक असेलच असं नाही. म्हणून यंदा टोळ्या निघण्याआधी औषधनिधी उभा करायचा आहे. जे सरकारी योजनेत बसेल ते योजनेतूनच करून घेऊ. उरलेलं बिल मंडळ थेट मेडिकलमध्ये भरेल, रोख कोणाच्या हाती जाणार नाही. दर महिन्याचा हिशोब मारुतीच्या पारावर लावू.

एक विनंती आहे. कोणाच्या घरी उरलेली इंजेक्शनं आणून देऊ नका. कॅस्पोफंजिनची कुपी २ ते ८ अंशांत ठेवावी लागते, घरातल्या कपाटात ती टिकत नाही.

पैसे जमत नसतील त्यांनी बर्फाची पेटी द्यावी, मोटारसायकलवरून औषध पोचवावं. अंबाजोगाईला किंवा लातूरला राहणाऱ्या आपल्या माणसांनी दवाखान्यात बसलेल्या नातेवाइकांना एक वेळचा डबा द्यावा. नावं आणि देणग्या रोज संध्याकाळी मंडळाच्या खोलीत घेतो. पावती मागून घ्या.