उद्या हे कुणीतरी उघडणार आहे

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

सुतारकाका गेल्याचं तुला फोनवर सांगितलं, तेव्हा तू विचारलंस, "सगळे त्यांना एवढं दिलदार का म्हणतात गं?" तेव्हा धड सांगता आलं नाही, म्हणून लिहायला बसले. कुणाची मजुरी सोडून दे, कुणाचं दार फुकट बसवून दे, हे त्यांनी आयुष्यभर केलं. पण तसं करणारे आणखीही असतात. मला विचारशील तर त्यांचा दिलदारपणा त्यांनी जोडलेल्या लाकडाच्या सांध्यांत होता.

तुझं टेबल एकदा उलटं करून बघ. वरची फळी खालच्या चौकटीला स्क्रूने धरली आहे, पण चौकटीतली भोकं गोल नाहीत, लांबट आहेत. लाकूड तोडून कितीही वर्षं झाली तरी हवेतली ओल घेतं आणि सोडतं. लांबीत ते जवळजवळ बदलत नाही, रुंदीत मात्र फुगतं, आक्रसतं. त्यातही गाभ्याकडून सालीकडे जेवढं आक्रसतं, त्याच्या साधारण दुप्पट वाढीच्या वलयांच्या कडेकडेने. म्हणून तर फळ्यांना बाक येतो. फळी चारी बाजूंनी आवळून टाकली की कधीतरी तडकणारच. लांबट भोकात स्क्रूला सरकायला वाव मिळतो. आपल्या कपाटाच्या दारातली मधली फळीसुद्धा नुसती खाचेत बसवलेली आहे, तिला कुठेही चिकटवलेलं नाही.

आता एवढं कुठलाही जाणता सुतार करतो. काकांचं त्यापुढे असायचं. "उद्या हे कुणीतरी उघडणार आहे," हे त्यांचं पालुपद. खुर्च्यांच्या सांध्यांना ते मुद्दाम सरस वापरत, जनावरांच्या कातड्याहाडांपासून करतात तो. (शिजताना त्याचा वास मला मुळीच सोसत नसे.) पांढरा गोंद त्याहून सोपा; डबा उघडला की काम सुरू. पण तो एकदा वाळला की सांधा फोडल्याशिवाय सुटणं कठीण. सरसाला ऊब आणि ओल दिली की तो सैल होतो. पाय मोडला तर कुसू, म्हणजे खाचेत बसवलेलं त्याचं टोक, अलगद बाहेर काढता येतं, बाकीची खुर्ची शाबूत राहते. जिथे पाणी लागायचं तिथे मात्र ते सरसाच्या वाटेला जात नसत. ड्रॉवरच्या मागच्या फळीवर, कुणाला दिसणार नाही अशा जागी, पेन्सिलीने लिहून ठेवत: लाकूड कुठलं, स्क्रू कुठल्या बाजूने काढायचे. ज्याला त्यांनी कधी पाहिलं नाही आणि पाहणारही नव्हते, अशा सुतारासाठी ते लिहिलेलं असे. पुढची दुरुस्ती आपल्याकडेच यावी, हा धंद्यातला साधा हिशेब त्यांना सुचतच नसावा.

शिकवतानाही तेच. कुणीही विचारावं, हातातली करवत खाली ठेवून ते दाखवायला लागत. पटाशीची, म्हणजे लाकूड कोरायच्या हत्याराची, धार 25 ते 30 अंशांत का ठेवायची, कोन त्याहून कमी केला तर धार लवकर का तुटते. चौकट काटकोनात बसली की नाही हे नुसत्या गुण्यावर न सोडता दोन्ही कर्ण मोजून कसं बघायचं. त्यांच्याकडे शिकलेल्या मुलांनी जवळच आपापली कामं सुरू केली, तरी यांचं सांगणं थांबलं नाही.

या सगळ्यात गिऱ्हाइकाचं काम लांबायचं, हेही सांगायला हवं. तुझे बाबा तर कपाटाची वाट बघून चिडले होते. काकांचं उत्तर ठरलेलं: लाकूड अजून ओलं आहे. इंचभर जाडीची फळी सावलीत, वारा लागेल अशी रचून वाळवायला साधारण वर्ष जातं, आणि कुणी घाई करतंय म्हणून ती आधी वाळत नाही. बाबा निरुत्तर व्हायचे, पण राग काही जायचा नाही.

आणि एवढा दिलदार माणूस, पण स्वतःचा रंधा कुणालाही देत नसे! मागणाऱ्याचं काम स्वतः करून देतील, पण रंधा नाही. दुसऱ्याच्या हाताने पातं बिघडतं म्हणायचे. मला ते आवडायचं.

तुझा ड्रॉवर अडकतोय म्हणालीस. आत्ता हवा दमट आहे, लगेच तासायला घेऊ नकोस. आता तासलास तर कोरड्या दिवसांत सैल होऊन खडखडेल. तोवर दोन्ही कडांना मेणबत्ती घास. हवा कोरडी झाल्यावरही अडकला, तर कडेवर चकाकणारी जागा शोध. घासतं ते तिथेच. तेवढ्याच जागेवर बारीक सँडपेपर फिरव, लाकडाच्या रेषांच्या दिशेने, आणि मधूनमधून ड्रॉवर सरकवून बघत राहा. तो बाहेर काढशील तेव्हा मागच्या फळीवर काय लिहिलंय ते मला कळव.

तुझी,
आई