बर्फ खरवडण्याआधी दाराचे रबर पाहा

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

प्रयोगशाळेतील उणे ८० अंश सेल्सिअसच्या फ्रीझरमध्ये बर्फ साचू लागला, की ‘गॅस कमी झाला असणार’ असे म्हणून लगेच तंत्रज्ञाला बोलावणे धाडले जाते. वास्तविक हा बर्फ बहुधा आत शिरणाऱ्या दमट हवेचा असतो आणि तो कोठे धरला आहे हे नीट पाहिले, तर ती हवा कोठून येते हेही कळते.

दाराच्या एकाच कडेला भुसभुशीत थर दिसत असेल, तर तेथील गॅस्केट म्हणजे दाराचे रबर तपासावे. कागदाची पट्टी धरून दार लावावे आणि ती ओढून पाहावी. सहज निसटली तर तेथे फट आहे. पुष्कळदा रबर धडधाकट असते, पण त्याच्यावरच जमलेल्या बर्फामुळे दार पुरते टेकत नाही, फटीतून आणखी बाष्प येते आणि थर वाढतच जातो. तेव्हा रबर मऊ कोरड्या कापडाने पुसणे एवढाच उपाय पुरतो. सगळ्याच कप्प्यांवर सारखा बर्फ असेल, तर मात्र दोष आपला: नमुना कोठे ठेवला आहे याची नोंद नसल्याने दार उघडे ठेवून शोधाशोध चाललेली असते.

दार लावल्यावर आत गेलेली हवा थंड होऊन आकसते आणि दार चिकटून बसते. दाब सारखा करणारे छोटे छिद्र बर्फाने बुजले, तर दार उघडतच नाही आणि लोक मूठ हिसकत बसतात. आधी ते छिद्र मोकळे करावे.

स्क्रू-ड्रायव्हरने बर्फ फोडणे हा तर आत्मघातच, कारण शीतकाच्या, म्हणजे थंडावा देणाऱ्या गॅसच्या, नळ्या बहुधा आतील भिंतीमागूनच जातात. नमुने दुसऱ्या फ्रीझरमध्ये हलवून, वीज बंद करून, दारे उघडी ठेवून बर्फ आपोआप वितळू द्यावा. त्याला एखादा दिवस लागू शकतो. नंतर आतला भाग पूर्ण कोरडा करावा आणि तापमान खाली उतरून स्थिर झाल्यावरच नमुने परत ठेवावेत.

या कटकटीला कंटाळून उणे २० अंशांच्या साठवणीसाठी काही जण घरगुती ‘फ्रॉस्ट-फ्री’ फ्रीझर सुचवतात. त्यातील हीटर ठरावीक वेळाने बर्फ वितळवतो खरा, पण त्या प्रत्येक वेळी आत साठवलेल्या विकरांनाही (एन्झाइमांनाही) ऊब लागते.

आपला,
एक प्रयोगशाळा सहायक