हायड्रोपोनिक (मातीविना, पाण्यावरील लागवडीच्या) पोषक द्रावणाच्या बाटलीवरील मातीसाठीच्या चुकीच्या सूचनेबाबत तक्रार

नाशिक
दिनांक : ६ मार्च २०२५

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

संदर्भ : ‘ए’ व ‘बी’ अशा दोन बाटल्यांचा पोषक द्रावण संच, खरेदी दिनांक १० जानेवारी २०२५

महोदय,

वरील संच मी आपल्या संकेतस्थळावरून रुपये ६४९ भरून मागवला. बाटलीवर ‘पाण्यातील व मातीतील सर्व झाडांसाठी’ असे ठळक अक्षरांत छापले आहे. त्याखाली दोन्हींसाठी एकच प्रमाण, म्हणजे एक लिटर पाण्यात प्रत्येकी २ मिली, दिले असून मातीतील झाडांना ते ‘रोजच्या पाण्यातून द्यावे, अन्य कोणत्याही खताची आवश्यकता नाही’ असे म्हटले आहे. ही सूचना मी तंतोतंत पाळली, त्यामुळे माझ्या गच्चीवरील बागेचे मोठे नुकसान झाले, आणि आपल्या ग्राहक सेवेने दिलेल्या सल्ल्यामुळे ते आणखी वाढले, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

माझ्या गच्चीवर टोमॅटो, मिरची, घेवडा आणि महाबळेश्वरहून आणलेल्या स्ट्रॉबेरीच्या रोपांच्या मिळून बावीस कुंड्या होत्या. शिवाय एका ड्रममध्ये सासूबाईंनी नऊ वर्षांपूर्वी लावलेला कढीपत्ता आहे. संक्रांतीपासून मी द्रावण द्यायला सुरुवात केली. पहिले दहा-बारा दिवस पाने गडद हिरवी झाली आणि मला समाधान वाटले. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात मात्र घेवड्याच्या पानांच्या कडा तपकिरी होऊन आत वळू लागल्या, पाठोपाठ स्ट्रॉबेरीची पाने करपली आणि मिरचीची फुले गळली. रोज पाणी घालूनही झाडे दुपारी तहानल्यासारखी माना टाकत होती. कुंडीच्या काठावर आणि मातीवर पांढरट पापुद्रा धरला होता, तो नखाने खरवडला की बारीक मिठासारखी पूड निघे.

६ फेब्रुवारीला मी आपल्या मदत क्रमांकावर फोन केला. कोवळी पाने पिवळी पडत आहेत, शिरा तेवढ्या हिरव्या आहेत आणि जुन्या पानांच्या कडा जळत आहेत, असे मी सविस्तर सांगितले. समोरच्या प्रतिनिधीने माती कोणती आहे, कुंडीतून पाणी वाहून जाते का, याबद्दल एकही प्रश्न न विचारता ‘अन्नद्रव्ये कमी पडत आहेत, प्रमाण ३ मिली करा’ असे सांगितले. मी तसे आठ दिवस केले. त्या आठ दिवसांत घेवड्याच्या सहाही कुंड्या गेल्या.

माझे माहेर दिंडोरी तालुक्यात असून भावाची द्राक्षबाग आहे. तो घरी आला तेव्हा त्याने कुंडीखालची ताटली उचलून पाहिली आणि ‘ताई, यात क्षार साठलेत’ एवढेच म्हणाला. घरातील पिण्याचे पाणी तपासण्याचे टीडीएस मीटर आम्ही लावून पाहिले; एक लिटर पाण्यात किती मिलिग्रॅम क्षार विरघळले आहेत, ते त्यावर दिसते. नळाचे पाणी २१० दाखवत होते, बाटलीवरील प्रमाणाने तयार केलेले द्रावण ९०० आणि टोमॅटोच्या कुंडीतून झिरपलेले पाणी ३,२००. हिशेब अवघड नाही. रोज अर्धा लिटर द्रावण म्हणजे सुमारे ०.४५ ग्रॅम क्षार, तीन आठवड्यांत साडेनऊ ग्रॅमच्या आसपास, तेही दहा इंची एका कुंडीत. झाडाने त्यातले घेतले तेवढे घेतले, पाणी उडून गेले आणि उरलेले सगळे मातीतच राहिले. मातीत क्षार वाढले की मुळांना पाणी ओढता येत नाही, म्हणून ओल्या मातीत उभी असलेली झाडे सुकत होती. क्षार सहन करण्यात घेवडा आणि स्ट्रॉबेरी अगदी नाजूक असतात, मिरची जरा बरी आणि टोमॅटो त्याहून काटक असतो. माझ्या गच्चीवरही झाडे नेमकी याच क्रमाने बिघडत गेली.

आपल्या द्रावणात भेसळ आहे, असे माझे म्हणणे नाही. याच संचातून पाण्यावर लावलेला पालक माझ्याकडे उत्तम आला आहे. माझी तक्रार त्या सूचनेबद्दल आहे. पाण्यातील लागवडीसाठी आपणच त्याच बाटलीवर ‘दर १२ दिवसांनी द्रावण बदलावे’ असे छापले आहे. म्हणजे क्षार साठतात, त्यांचा समतोल बिघडतो, हे आपल्याला पुरते ठाऊक आहे. मग जिथे द्रावण बदलण्याची सोयच नाही, त्या मातीसाठी रोजचा पूर्ण डोस कोणत्या आधारावर सांगितला? आणि माती रिकामी नसते, याचाही त्या सूचनेत विचार नाही. कुंड्या भरताना मी गांडूळखत आणि शेणखत घातले होते, जसे आपल्याकडे बहुतेक सगळेच घालतात. त्यातून झाडाला मिळणारे अन्न आणि बाटलीतले अन्न यांची बेरीज कोणी करायची?

दुसरा मुद्दा आमच्या मातीचा आहे. माझ्या कुंड्यांत दिंडोरीकडची काळी, चुनखडीची माती मिसळलेली असून तिचा सामू (पीएच, म्हणजे आम्लता-अल्कता) ८ च्या आसपास आहे. आपले द्रावण मात्र साधारण ५.५ ते ६.५ सामूसाठी बनवलेले आहे. त्यात लोह ईडीटीए स्वरूपात, म्हणजे ईडीटीए नावाच्या रसायनाशी बांधलेले, असल्याचे बाटलीवर लिहिले आहे. हे स्वरूप ६.५ च्या पुढे टिकत नाही आणि चुनखडीच्या मातीत कॅल्शियम लोहाची जागा घेतो. कोवळी पाने पिवळी पडण्याचे हे साधे कारण आहे आणि अशा जमिनीत ईडीडीएचए या दुसऱ्या, तिथेही टिकणाऱ्या स्वरूपातले लोह द्यावे लागते, ही गोष्ट आमच्याकडील द्राक्षबागायतदारांना माहीत आहे. म्हणजे मला फोनवर ज्या लक्षणासाठी प्रमाण वाढवायला सांगितले, ते लक्षण प्रमाण वाढवून जाणारे नव्हतेच. स्फुरदाचेही (फॉस्फरस) तसेच आहे. कॅल्शियम नायट्रेट आणि फॉस्फेट घट्ट स्वरूपात एकत्र आले की पांढरा साका बसतो, म्हणून आपण ‘ए’ आणि ‘बी’ अशा दोन वेगळ्या बाटल्या देता. जे बाटलीत घडू नये म्हणून आपण एवढी काळजी घेता, तेच चुनखडीच्या मातीत घडते आणि स्फुरद तिथे अडकून बसते.

शेतीच्या विद्राव्य खतांच्या पिशवीवर १९:१९:१९ किंवा १३:००:४५ असे आकडे ठळक छापलेले असतात आणि शेतकरी त्यावरून मात्रा ठरवतो. आपल्या बाटलीवर नत्र, स्फुरद, पालाश यांचे शेकडा प्रमाण कुठेच नाही. ते असते तर भावाने मला पहिल्याच आठवड्यात थांबवले असते.

पुढे मी कुंड्यांखालच्या ताटल्या काढून त्या विटांवर ठेवल्या आणि प्रत्येक कुंडीत तिच्या आकारमानाच्या दुपटी-तिपटीने साधे पाणी सोडून क्षार धुऊन काढले. मार्च तोंडावर असताना इतके पाणी वाहू देताना माझा जीव कासावीस झाला, पण दुसरा उपाय नव्हता. टोमॅटोला नवी पालवी आली आहे. आता मी त्याला पाव प्रमाणाचे द्रावण दहा दिवसांतून एकदा, आणि मधल्या काळात फक्त पाणी देते, त्यावर तो ठीक आहे. स्ट्रॉबेरी वाचली नाही. कढीपत्त्याच्या दोन मोठ्या फांद्यांची पाने गळून गेली असून खोडाशी एक नवा कोंब बारीक डोळ्याएवढा दिसतो. सासूबाई रोज सकाळी त्याच्यापाशी जाऊन उभ्या राहतात.

माझी मागणी अशी आहे की, मातीसाठीची सूचना आपण तातडीने बदलावी आणि तिच्यात कमी प्रमाण, दोन वेळांमधील अंतर, पाण्याचा निचरा आणि चुनखडीच्या मातीबद्दलचा इशारा स्पष्ट मराठीत द्यावा. तसे करायचे नसेल, तर ‘मातीतील’ हा शब्दच बाटलीवरून आणि संकेतस्थळावरून काढून टाकावा. ज्यांनी हा संच आधीच घेतला आहे, त्यांचे दूरध्वनी क्रमांक आपल्याकडे आहेत, तेव्हा त्यांना संदेश पाठवून सावध करावे. ही मागणी मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण उन्हाळ्यात पाणी लवकर उडते आणि क्षार याहून झपाट्याने साठतील. मदत क्रमांकावरील प्रतिनिधींनी माती आणि निचरा यांची चौकशी केल्याशिवाय प्रमाण वाढवायला सांगू नये. संचाची किंमत मला परत मिळावी. गेलेल्या झाडांची भरपाई मी मागत नाही.

या पत्राला पंधरा दिवसांत लेखी उत्तर द्यावे. ते न आल्यास मी प्रथम राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर आणि त्यानंतर ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार नोंदवीन.

आपली विश्वासू,
(नाव व पत्ता पावतीप्रमाणे)

सोबत : पावतीची प्रत, बाटलीवरील दोन्ही सूचनांची छायाचित्रे, टीडीएस मीटरच्या तिन्ही नोंदींची छायाचित्रे, ६ फेब्रुवारीच्या फोनची नोंद.